शेवटचा एलियन एवढा का पळतो?

'स्पेस इन्व्हेडर्स' हा गेम जपानच्या तैतो कंपनीने १९७८ साली आणला. पडद्यावर अकरा-अकराच्या पाच रांगा, म्हणजे ५५ एलियन. ते आडवे सरकत हळूहळू खाली येतात आणि आपण तळाच्या तोफेने त्यांना टिपायचं. गेम रचणारे तोमोहिरो निशिकादो यांचं घोडं अडलं होतं प्रोसेसरपाशी. सगळी फौज एकदम हलवणं त्याला झेपेना, म्हणून दर फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, एकच एलियन पुढे सरके. ५५ जणांचं एक पाऊल पडायला जवळजवळ सेकंद जायचा. निम्मे मारले की तेच पाऊल अर्ध्या सेकंदात पडे. आणि एकटा उरलेला शेवटचा एलियन तर दर फ्रेमला पळायचा; त्याला टिपताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत. हा वाढता वेग कोणी आखलेला नव्हता. निशिकादोंच्या तो लक्षात आला, आवडला, आणि त्यांनी तसाच राहू दिला.

आपण जिंकत जातो तसतसा खेळ अवघड होत जातो, ही पद्धत पुढे इतकी रुळली की आज ती कोणाला वेगळी वाटतही नाही. तिला शास्त्रीय आधार म्हणून मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांचं नाव हमखास घेतलं जातं. गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद अशा लोकांशी बोलून त्यांनी सत्तरच्या दशकात मांडलं की, आव्हान आणि कौशल्य यांचा मेळ बसला की माणूस तहानभूक विसरतो. आव्हान कमी पडलं तर कंटाळा, जास्त झालं तर धास्ती. पटण्यासारखं आहे, पण माझ्या मते ही अर्धीच गोष्ट आहे.

'फ्लॅपी बर्ड' आठवून पाहा. पडद्यावर टॅप करत पक्ष्याला पाइपांमधल्या फटींतून उडवायचं, असा व्हिएतनामच्या डाँग न्विन यांचा हा फोनवरचा गेम २०१४च्या सुरुवातीला जगभर पसरला आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी स्वतःच तो काढून घेतला. लोक त्याच्या फारच नादी लागलेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात मेळबिळ काही नव्हता. पाइपांमधली फट तेवढीच, वेग तोच, पहिल्या पाइपपासून शेवटपर्यंत. नवखा खेळाडू दोन-तीन सेकंदांत आपटायचा. तरी बोट लगेच पुन्हा पडद्यावर! कारण आपटल्याबरोबर कळायचं, की टॅप जरा उशिरा झाला. चूक दिसते, ती आपली असते आणि सुधारायची संधी लगेच मिळते.

मेंदूच्या बाजूने पाहिलं तर हे कोडं थोडं उलगडतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी जोरात चेतायच्या. पण रस येणार याची सूचना देणारा संकेत एकदा ओळखीचा झाला की रस मिळतानाचा प्रतिसाद विरायचा. आणि ठरलेला रस चुकला तर त्या पेशी नेहमीपेक्षाही शांत व्हायच्या. म्हणजे या पेशी बक्षिसापेक्षा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. सोप्या गेममध्ये जिंकणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे फरक शून्य. दहा वेळा हरून अकराव्यांदा हरवलेला बॉस, म्हणजे गेममधला मोठा शत्रू, मात्र अंदाज पार चुकवतो. (डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं सरसकट म्हटलं जातं ते बरोबर नाही, शिकणं आणि ओढ यांच्याशी त्याचा संबंध जास्त आहे.)

हरणं सुसह्य व्हायचं तर खेळ प्रामाणिक वाटला पाहिजे. 'वाटला' म्हणतोय, कारण त्यासाठी गेमवाले सर्रास लबाडी करतात, तीही आपल्याच बाजूने. २०१८ सालचा 'सेलेस्ट' हा डोंगर चढण्याचा गेम अवघड म्हणून ओळखला जातो. त्यात कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाचा छोटासा अंश उडी मारता येते. उडी मारताना डोकं कोपऱ्याला जेमतेम घासलं तर गेम आपल्याला गुपचूप बाजूला सरकवतो. आपल्याला वाटतं, काय टायमिंग साधलं! आणि मेलो तर त्याच पडद्यावर क्षणात पुन्हा उभे. उलट आपण किती वेळा मेलो त्याचा अभिमान बाळगा, असंच गेम सांगतो.

याच ओढीचा गैरफायदाही घेता येतो. जुगाराच्या स्लॉट मशिनवर तीन चित्रं जुळली की जिंकतो; तिसरं चित्र एका घराने हुकलं, तर ती निव्वळ हारच असते. तरीही अशा हुकण्याने जिंकल्यावर जागे होणारे मेंदूचे काही भाग जागे होतात आणि आणखी खेळावंसं वाटतं, असं २००९ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. फ्लॅपी बर्डमध्ये थोडक्यात हुकलं तर हात सुधारतो. मशिनवर सुधारण्यासारखं काही नसतंच, फक्त तसा भास होतो. फोनवरचा एखादा गेम 'अगदी थोडक्यात हुकलं' म्हणत पैसे मागू लागला, तर तो या दोहोंपैकी कोणत्या जातीचा हे तपासून घ्यावं.

बाकी अवघड म्हणजे भारी, हा काही गेमरांचा तोरा मला पटत नाही. दिवसभर राबून आलेल्याला कधी गेममधलं शेत नुसतं नांगरायचं असतं, कधी गोष्ट पुढे काय होते तेवढंच पाहायचं असतं. सेलेस्टमध्येच 'असिस्ट मोड' आहे: वेग निम्म्यापर्यंत उतरवा, न दमता चढा, हवं तर मरणंच बंद करा. आपला हात कुठवर पोचतो हे खेळणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून वेगाचा आकडाही त्यालाच निवडू दिलाय.