जेट्टीवर उरलेल्या गाड्या

मे महिन्यातल्या एका शनिवारी धोपाव्याच्या जेट्टीवर माझी गाडी सतरावी होती. बोटीत सोळाच मावतात, असं सांगून तिकीटवाल्या पोराने माझ्या नाकासमोर साखळी ओढली. बोट वाशिष्ठीच्या खाडीतून पलीकडे दाभोळला जाणार, तिकडच्या गाड्या घेऊन परत येणार. म्हणजे पाऊण तास गेला. रस्त्याने जायचं तर चिपळूणचा वळसा. मुकाट्याने इंजिन बंद केलं, टपरीवर चहा सांगितला आणि पोराला विचारलं, "आज एवढी गर्दी कशी?"

"गर्दी कसली? फेरीला पंधराएक गाड्या असतात."

बोट सोळाची, गाड्या पंधरा. हिशेबाने एक जागा रिकामीच राहायला हवी होती. पण पंधरा ही सरासरी. गाड्या काही मोजून येत नाहीत, एका फेरीला नऊ येतात, दुसरीला बावीस. एकमेकांशी संबंध नसलेली माणसं आपापल्या सवडीने घराबाहेर पडली, की असा चढउतार होणारच, आणि तो किती होईल हे गणिताने काढता येतं. सरासरी पंधरा असेल, तर दर तीन फेऱ्यांतल्या साधारण एका फेरीला सतरा किंवा त्याहून जास्त गाड्या येतात. उरलेल्या गाड्या पुढच्या फेरीच्या माथी बसतात. आधीच्या फेरीत रिकामी गेलेली जागा मात्र पुढच्या फेरीसाठी राखून ठेवता येत नाही. रांगेची सगळी मेख इथे आहे: गर्दी साठत जाते, मोकळीक साठत नाही.

मला हे त्या दिवशी जरा जास्तच लागलं, कारण दोनच महिन्यांपूर्वी मी स्वतः असाच तोंडघशी पडलो होतो. बोट नव्हती, आंब्याची वेबसाइट होती.

आमच्या भागातल्या बावीस बागायतदारांनी मिळून हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकायचं ठरवलं आणि साइट उभी करायचं काम माझ्याकडे आलं. साइट क्लाउडवर ठेवली. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी वातानुकूलित दालनातले भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर. हवे तेव्हा वाढवायचे, नको तेव्हा कमी करायचे, वापरले तेवढ्याचे पैसे. मी छान आकृती काढली. डावीकडे गिऱ्हाईक, मधे भार वाटून देणारा लोड बॅलन्सर, त्यामागे साइट चालवणारे दोन कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर, त्यामागे ऑर्डरींची नोंद ठेवणारा डेटाबेस, बाजूला पैसे भरायची सोय. बाणसुद्धा रंगीत. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

हिशेबही केला होता. तीन हजार माणसं येतील, प्रत्येकाच्या येण्या-बघण्या-घेण्यात सर्व्हरला बाराएक विनंत्या जातील, म्हणजे छत्तीस हजार. दहा तासांचा दिवस धरला तर सेकंद छत्तीस हजार. सेकंदाला एक विनंती! एवढ्याला घरातला जुना लॅपटॉपही पुरला असता.

मग सकाळी नऊ वाजता बुकिंग सुरू झाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश सगळ्या ग्रुपांवर एकदम गेला. तीन हजार माणसं आली, अंदाज अगदी बरोबर निघाला. फक्त ती दहा तासांत न येता पाच मिनिटांत आली. सेकंदाला एक नाही, एकशेवीस. साइट सव्वानऊपर्यंत आडवी होती, आणि तेवढ्या वेळात एका काकांनी मला अकरा फोन केले.

या प्रकारचं गणित क्लाउडहून फार जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर क्रारुप एर्लांग नावाचा गणिती होता. एक्सचेंजमध्ये किती लाइनी ठेवल्या म्हणजे लोकांना फार ताटकळावं लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न. जास्त ठेवल्या तर पैसे वाया, कमी ठेवल्या तर शिव्या. १९०९ साली त्याने यावर पहिला निबंध छापला आणि रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं. टेलिफोनची वर्दळ मोजायच्या एककाला आजही 'एर्लांग' म्हणतात.

या शास्त्रातली एक गोष्ट मला सर्वांत विश्वासघातकी वाटते. एक खिडकी आहे, माणसं वाटेल तेव्हा येतात, कुणाचं काम लवकर होतं तर कुणाचं उशिरा. एका कामाला सरासरी ०.२ सेकंद लागतात असं धरू. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर रांगेसकट सरासरी ०.४ सेकंद लागतात. ८० टक्के वेळ कामात असेल, तर एक सेकंद. ९० टक्क्यांना दोन, ९५ टक्क्यांना चार. ५० वरून ८० टक्क्यांपर्यंत जाताना कुणाला काही जाणवत नाही, आणि शेवटच्या पाच-दहा टक्क्यांत सगळं हाताबाहेर जातं. म्हणूनच "सर्व्हर ८० टक्केच भरलाय, अजून २० टक्के जागा आहे" हे वाक्य मी आता ऐकून सोडून देत नाही.

मग यावर उपाय काय? जेट्टीवर उभं राहून बोट बुडवून बघता येत नाही. पण कागदावर बोट बुडवता येते.

सिम्युलेशन म्हणजे तेवढंच, कागदाऐवजी कॉम्प्युटरवर. त्यात एक खोटं घड्याळ असतं आणि घटनांची यादी असते. गिऱ्हाईक आलं, सर्व्हरकडे गेलं, डेटाबेसची वाट बघत थांबलं, उत्तर मिळालं, गेलं. घड्याळ सेकंदा-सेकंदाने सरकत नाही, एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं. त्यामुळे अख्खा दिवस काही क्षणांत संपतो आणि तोच दिवस पुन्हा हजार वेळा, दर वेळी वेगळ्या नशिबाने, चालवता येतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या सिमपायसारख्या फुकट साधनाने हे शे-दीडशे ओळींत होतं. क्लाउडसाठी खास बनवलेलं क्लाउडसिम हे साधन मेलबर्न विद्यापीठातल्या राजकुमार बुय्या यांच्या प्रयोगशाळेतून आलं. आधी मी धोपाव्याची बोटच चालवून बघितली. तेच सोळा, तेच पंधरा. काही शनिवारी संध्याकाळपर्यंत जेट्टी मोकळी. काही शनिवारी वीसेक गाड्या साखळीबाहेर. बोटवाल्याची चूक दोन्ही दिवशी काहीच नाही.

मग आंब्याकडे वळलो आणि नऊ वाजताचा तो संदेश सिम्युलेशनमध्ये सोडला. जे दिसलं ते मला आकृतीत कधीच दिसलं नसतं.

इथे आणखी एक सूत्र लागतं. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने ते १९६१ साली सिद्ध केलं आणि ते एवढं साधं आहे, की सिद्ध करायची गरज का पडली असं वाटावं: आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. सेकंदाला १२० विनंत्या, प्रत्येक ०.२ सेकंद आत. म्हणजे कोणत्याही क्षणी २४ आत. काहीच नाही. पण डेटाबेस रेंगाळला आणि तोच वेळ तीन सेकंदांवर गेला, तर आत ३६०. गर्दी तेवढीच, नुसतं काम मंदावलं आणि घर भरलं. आमचा डेटाबेस होता पोस्टग्रेस. मुळातल्या सेटिंगमध्ये तो एका वेळी १०० जोडण्या घेतो, बाकीच्यांना दारातूनच परत पाठवतो.

आता गंमत बघा. भार वाढला की आपोआप नवे सर्व्हर उभे राहावेत अशी सोय मी मोठ्या अभिमानाने लावली होती. पण भार वाढल्याचं मोजायला एखाद-दोन मिनिटं, नवा सर्व्हर उठून कामाला लागायला आणखी काही मिनिटं. तोवर पाच मिनिटांची गर्दी येऊन, चिडून, पुन्हा पुन्हा रिफ्रेश दाबत बसलेली. त्यात प्रत्येक सर्व्हर उठल्या उठल्या डेटाबेसच्या २० जोडण्या अडवून ठेवत होता. पाच सर्व्हर झाले की शंभर संपल्या. सहावा सर्व्हर जागा होऊन नुसता दारात उभा, त्याचं भाडं मात्र चालू. एक बोट पुरत नाही म्हणून मी जेट्टीवर तिकीट खिडक्या वाढवत होतो!

हे कळायला एक रुपया लागला नाही. मार्चमध्ये तेच कळायला बावीस बागायतदारांची सकाळ लागली होती.

कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला, छोटी चाचणी घ्यायची. गर्दीचा शंभरावा भाग सोडायचा, नीट चाललं तर शंभरने गुणायचं. इथे खडकवासल्याची आठवण येते. तिथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यात लाटा सोडतात. धक्का, लाटारोधक बांध कुठे हवा, ते आधी हौदात बघायचं, मग समुद्रात दगड टाकायचे. पण लहान लाटेवरून मोठ्या लाटेकडे जायचा नियम तिथे ठाऊक असतो. प्रतिकृती शंभरपट लहान असेल, तर तिच्यातला वेळ दहापट भरभर चालतो, कारण शंभराचं वर्गमूळ दहा. सर्व्हरच्या रांगेला असा सरळ नियम नाही. एक टक्का गर्दीत सगळं गुळगुळीत चालतं. त्यावरून ९५ टक्क्यांबद्दल काहीही कळत नाही. म्हणून एक तर पूर्ण गर्दीची खोटी माणसं सोडून खरी यंत्रणा तपासायची, जेमीटरसारखी साधनं ते करतात, त्याचं भाडं मोजायचं. नाहीतर रांगेचं सिम्युलेशन करायचं. मी आधी दुसरं करतो, मग पहिलं.

क्लाउडवर काय काय हवं ते फाईलमध्ये लिहून उभं करणारं टेराफॉर्म नावाचं साधन आहे. ते वापरणारे म्हणतात, आम्ही आधी त्याचा 'प्लॅन' हा आदेश चालवून बघतोच की. चांगली सवय आहे. पण त्या आदेशाने काय काय उभं राहणार, काय बदलणार आणि काय पुसलं जाणार, एवढंच कळतं. ते गर्दीत टिकेल का, हे तो सांगत नाही. घराच्या नकाशावर नगरपालिकेचा शिक्का बसला म्हणून पावसात छप्पर गळणार नाही, असं थोडंच आहे?

गर्दीइतकीच दुसरी बाजू बिघाडाची. पाच घटक एकामागोमाग लागतात आणि प्रत्येक ९९.९ टक्के वेळ चालू असतो, असं धरा. एकेकटा घटक वर्षात पावणेनऊ तास बंद राहील. पण साखळीतली कुठलीही कडी तुटली की साखळी तुटते, त्यामुळे पाचांची मिळून ९९.५ टक्के, म्हणजे वर्षाला जवळजवळ ४४ तास. उलट एकाच घटकाच्या दोन प्रती ठेवल्या आणि प्रत्येक ९९ टक्केच चालत असली, तरी दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक. फार सुखाचं गणित आहे, पण त्यात एक अट दडलेली आहे: दोन्ही प्रतींचं नशीब वेगवेगळं हवं.

कोकणात ही अट कशी मोडते, ते ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दाखवलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडे विजेचे खांब आडवे झाले. दोन कंपन्यांची दोन सिमं खिशात बाळगणाऱ्यांचे दोन्ही फोन मुके, कारण टॉवर वेगळे असले तरी दोन्हींना लागणारी वीज एकच. क्लाउडवाले यासाठी एका प्रदेशात वेगवेगळ्या इमारती, वेगळी वीज अशी विभागणी देतात. पण माझ्या आकृतीत दोन सर्व्हर दोन विभागांत होते आणि डेटाबेस एकाच. सिम्युलेशनमध्ये तो विभाग बंद केला, तेव्हा दुसऱ्या विभागातला सर्व्हर अगदी ठणठणीत होता. त्याला विचारायला मात्र कुणी उरलं नव्हतं.

मोठ्यांचंही असं होतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेत थोडे सर्व्हर बाजूला काढताना आदेशात चूक झाली आणि भलतेच जास्त निघाले. अमेरिकेतल्या असंख्य साइट काही तास बंद पडल्या. नंतर कंपनीनेच लिहिलं, की फायली कुठे आहेत हे सांभाळणारी ती यंत्रणा मोठ्या प्रदेशांत कित्येक वर्षांत पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलेली नव्हती, त्यामुळे उठायला अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला. पडण्याची तालीम पुष्कळ जण करतात. उठण्याची तालीम राहून जाते.

या वर्षी मी जानेवारीतच नवं सिम्युलेशन घेऊन बागायतदारांकडे गेलो. डेटाबेसपुढे जोडण्या वाटून देणारा एक मध्यस्थ बसवला होता, पैसे भरायच्या टप्प्याला वेगळी रांग दिली होती. सगळ्यांत स्वस्त बदल तांत्रिक नव्हताच: संदेश सगळ्या ग्रुपांना एकदम न पाठवता दहा-दहा मिनिटांनी पाठवायचे. तेवढ्याने सेकंदाला १२० चे तीसवर आले. पडद्यावर मी दाखवलं, बघा, आता तासाला नऊशे ऑर्डरी सहज घेता येतील.

अकरा फोन करणारे काका पडवीत सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली.

"अरे, पण पेट्या भरणार कोण? आमच्याकडे चार बायका बसतात. देठ बघायचा, डाग बघायचा, पेंढा घालायचा. दिवसाला साठ पेट्या झाल्या म्हणजे डोक्यावरून पाणी."

साठ गुणिले बावीस, तेराशेवीस. दीड तासात पुऱ्या दिवसाच्या ऑर्डरी संपणार आणि पुढच्या सगळ्या पडवीत साठणार. मी लॅपटॉप मिटला नाही. यादीत आणखी एक घटक घातला, नाव दिलं 'पडवी', आणि क्षमता साठ लिहून घड्याळ पुन्हा नऊवर लावलं.