कोलंबाईन: ‘छळलेल्या पोरांनी सूड घेतला’ हे खरं नाही

२० एप्रिल १९९९, अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं कोलंबाईन हायस्कूल. तिथल्याच दोन पोरांनी १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले, आणि तेव्हापासून एकच स्टोरी फिरतेय की ही एकटी पडलेली, खेळाडू पोरांनी छळलेली मुलं होती म्हणून त्यांनी त्या खेळाडूंना वेचून मारलं. असं नव्हतं हो. शाळेत दादागिरी होती, मान्य, पण या दोघांना मित्र होते, प्लॅन वर्षभर शिजत होता आणि मुळात तो बॉम्बचा होता, ऐन जेवणाच्या वेळी कॅन्टीनमध्ये दोन मोठे प्रोपेन गॅसचे बॉम्ब ठेवलेले, ते फुटले असते तर खेळाडू कोण, मित्र कोण, कोणीच वाचलं नसतं, मग वेचून मारणं कुठे राहिलं?

आणि या स्टोरीत बंदुकांचा मुद्दा गायबच होतो, याचा खरंच राग येतो. चारपैकी तीन बंदुका त्यांच्या १८ वर्षांच्या मैत्रिणीने गन शोमध्ये (बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात) खाजगी विक्रेत्यांकडून घेऊन दिल्या, बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याच्या गुन्ह्यांची नोंद तपासणं, शून्य, कारण खाजगी विक्रेत्यांना तो बंधनकारकच नव्हता. ही पळवाट बंद करायची एका बिलातली दुरुस्ती १९९९ मध्येच सेनेटमध्ये (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात) तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने पास झाली, पुढे हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, मेली. शेवटी २००० मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनीच मतदान करून आपल्या राज्यापुरती ती बंद केली.