सुट्टीनंतरचं अर्धवट विणकाम: दोन सुयांचं आणि क्रोशाचं

मे महिना गावी काढून घरी परतलं की पहिले काही दिवस धुण्याचे ढीग आणि रिकामे डबे भरण्यातच जातात. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात (विदर्भात आणखी थोड्या उशिरा), सकाळच्या डब्यांची घाई मार्गी लागते आणि मग कधीतरी दुपारी विणकामाची पिशवी आठवते. आत अर्धा स्वेटर असतो, नाहीतर अर्धा रुमाल. न विणणाऱ्याला दोन्ही सारखंच. पण महिनाभर पडून राहिलेलं काम पुन्हा हातात घेताना दोन्हींची तऱ्हा फार वेगळी.

दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळेच टाके सुईवर उघडे असतात. स्वेटरची पाठ शंभर टाक्यांची असेल तर शंभर. मुलांनी खेळायला म्हणून सुई उपसली की संपलं. सुटलेला टाका ओळीमागून ओळ खाली उसवत जातो. क्रोशात उघडा असतो तो एकच टाका, आकड्यातला (आकडा म्हणजे टोकाला वाकडी असलेली क्रोशाची सुई). दोरा ओढला गेला तर तेही झरझर उसवतं, पण एकाच वाटेने. जिथे थांबेल त्या टाक्यात आकडा घालायचा आणि पुढे निघायचं.

स्वेटर हातात घेतल्यावर पहिला प्रश्न असतो दिशेचा. ओळ मध्येच सोडली असेल तर दोन्ही सुयांवर टाके असतात, आणि कोणती सुई कोणत्या हातात हेच कळत नाही. लोकरीच्या गुंड्याकडे जाणारा धागा ज्या सुईवरून निघतो ती उजव्या हातात धरायची. उलटं धरलं तर अर्ध्या ओळीतूनच माघारी विणलं जातं आणि तिथे भोक पडतं. ते दिसतं मात्र चार-सहा ओळी पुढे गेल्यावर. मग टाके मोजायचे. सुईवर महिनाभर ताणून राहिलेली ओळ थोडी सैल दिसते, म्हणून ती उसवून पुन्हा विणलेली बरी. पुढच्या ओळी विणून मग चिडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. गावी जायच्या आधीच टाके जाड दोऱ्यात ओवून ठेवले तर यातलं बरंचसं टळतं, पण बॅगा भरायच्या गडबडीत ते सुचतं कुणाला!

क्रोशात दिशेचा घोळ कमी, हाताचा जास्त. सुट्टीनंतर हात एकतर आवळून चालतो, नाहीतर सैल, आणि गोल रुमालात ते लगेच उघडं पडतं. फेरा घट्ट झाला किंवा खांब (क्रोशाचे उभे टाके) कमी पडले की रुमाल वाटीसारखा वर उचलला जातो. खांब जास्त झाले की कडेला झालर धरते. म्हणून आधी उरलेल्या दोऱ्यावर थोडी साखळी, दोन ओळी मुके खांब (खांबापेक्षा आखूड टाके), दोन ओळी खांब घालून बघायचे. जुन्या कामाशी हात जुळला की मगच रुमालाला हात लावायचा. पावसाळ्यात पोलादी आकडा कामातच खोचून ठेवू नये. गंज धरला तर पांढऱ्या दोऱ्यावर डाग उतरतो आणि साध्या धुण्याने जात नाही.

घराची घडी अजून बसायची असेल, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता बसायचं असेल, तर मी क्रोशाच घेईन. कुणी हाक मारली की आकड्यावरचा टाका थोडा मोठा ओढून उठता येतं. स्वेटरला निदान ओळ संपेपर्यंतची उसंत लागते.

पण नुसत्या दोन सुयांवर विणणारीनेही एक क्रोशाची सुई जवळ ठेवावी. सुटून खाली गेलेला सुलट टाका (समोरून इंग्रजी ‘V’सारखा दिसणारा) वर आणायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही. खालच्या सुटलेल्या टाक्यात आकडा घालायचा, वरची आडवी लोकर त्यातून ओढून घ्यायची, पुन्हा त्यावरची, असं सुईपर्यंत. उलट टाका (समोरून आडव्या गाठीसारखा दिसणारा) असेल तर काम फिरवून मागच्या बाजूने हेच.