मोटर फिरते, फोकस हलत नाही

भाच्याचा पहिला पगार झाला आणि तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "मामा, मॅक्रोसाठी सगळ्यात फास्ट ऑटोफोकस कुठला? पण स्वस्तात बसव." मॅक्रो म्हणजे बारीक वस्तूंचे अगदी जवळून मोठे फोटो. त्याच्याकडे कॅननचा जुना डीएसएलआर आहे, ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्स आहे आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर मुक्कामाला असलेला एक उड्या मारणारा कोळी आहे. कोळ्याची लांबी जेमतेम सहा मिलिमीटर.

मी म्हटलं, आधी माळ्यावरचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढ. 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा धडा उघड. त्याला वाटलं मामा टाळतोय.

खरा मॅक्रो म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. सहा मिलिमीटरचा कोळी सेन्सरवरही सहा मिलिमीटर. याला विशालन १ म्हणतात. दहावीतली आकृती आठवा: बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर ठेवली की प्रतिमा पलीकडे तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच आकाराची पडते. म्हणजे वस्तूपासून सेन्सरपर्यंतचं एकूण अंतर नाभीय अंतराच्या चौपट. ५० मिमीच्या भिंगाला २०० मिमी. वस्तू आणि तिची खरी प्रतिमा यांच्यातलं अंतर याहून कमी होऊच शकत नाही. परीक्षेत यावर दोन मार्कांचा प्रश्न येतो आणि आपण तो विसरतो. ऑटोफोकसची सगळी गोची मात्र इथेच आहे.

ऑटोफोकस लेन्स फोकस करते म्हणजे काय करते? ५० मिमीसारख्या साध्या लेन्समध्ये मोटर भिंगांचा गठ्ठा पुढे-मागे सरकवते, बस्स. दूरच्या डोंगरावर फोकस असताना भिंग १ मिमी पुढे गेलं, तर प्रतिमाही १ मिमी पुढे येते. हिशेब सरळ. डीएसएलआरचा फेज डिटेक्शन सेन्सर भिंगाच्या दोन कडांमधून आलेला प्रकाश वेगवेगळा पाहतो. दोन चित्रं एकमेकांपासून किती सरकली आहेत ते मोजतो आणि मोटरला सांगतो, "प्रतिमा सेन्सरच्या ०.३ मिमी मागे पडतेय, भिंग तेवढं पुढे घे." एका झटक्यात काम होतं.

आता कोळ्याकडे या. भिंग १ मिमी पुढे गेलं की त्याच्यासोबत प्रतिमा १ मिमी पुढे येते, हे इथेही खरं. पण भिंग कोळ्याच्याही १ मिमी जवळ गेलं ना! वस्तू भिंगाच्या जवळ आली की प्रतिमा मागे सरकते, आणि ती किती सरकते, तर विशालनाच्या वर्गाइतकी. म्हणजे निव्वळ फायदा १ वजा विशालनाचा वर्ग. विशालन अर्धं असेल तर ०.७५, चालून जाईल. विशालन १ झालं की शून्य! मोटर गरगरते, भिंग हलतं, कोळी व्ह्यूफाइंडरमध्ये किंचित लहान-मोठा होतो आणि फोकस तिथेच. विशालन १.२ केलंत तर उत्तर उणे ०.४४ येतं. कॅमेरा म्हणतो पुढे जा, भिंग पुढे जातं आणि प्रतिमा उलट आणखी मागे पडते.

आकडे घालून बघा. भाच्याच्या ५० मिमी लेन्सखाली ५० मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावली, फोकस अनंतावर ठेवला, की विशालन १ आणि सेन्सरपासून कोळ्यापर्यंत २०० मिमी. आता फोकस पार जवळच्या टोकाला न्या. ही लेन्स आपल्या आत साधारण साडेदहा मिमी सरकते, भिंग सेन्सरपासून ११०.५ मिमीवर येतं. सूत्रात घाला: कोळी भिंगापासून ९१.३ मिमीवर हवा. एकूण २०१.८. म्हणजे ऑटोफोकसची अख्खी धाव वापरून फोकसचं प्रतल सरकलं १.८ मिमी, आणि तेही कॅमेऱ्यापासून दूर! लेन्सचं 'जवळ' इथे 'लांब' होतं. हा हिशेब पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा मी चहा गार होईपर्यंत बघत बसलो होतो.

बरं, हा सगळा खेळ किती जाडीच्या पट्टीसाठी? विशालन १, एफ/८ (म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं छिद्र, बारीक केलेलं), क्रॉप म्हणजे छोट्या आकाराचा सेन्सर. स्पष्ट दिसणारी पट्टी सुमारे ०.६ मिमी. पेन्सिलीत ०.७ चं शिसं घालतो ना, त्याहून थोडी बारीक. तुमचा श्वास, वाऱ्याची झुळूक आणि फांदी याहून जास्त हलतात. म्हणून मॅक्रोवाले फोकस एका जागी ठेवतात आणि स्वतः डुलतात. अख्खा कॅमेरा १ मिमी पुढे नेला की फोकसचं प्रतल बरोब्बर १ मिमी पुढे जातं. विशालन काहीही असो, तिथे वर्गबिर्ग नाही.

कोळ्याचं नाव काढलं म्हणून सांगतो. पावसाळ्यात अंगावर जळजळणारं पुरळ उठलं की घरात कुणीतरी "कोळी मुतला" म्हणतंच. अशा बऱ्याच पुरळांमागे पेडेरस नावाचा नारिंगी-काळा किडा असतो. तो दिव्यापाशी येतो, आपण त्याला अंगावर चिरडतो आणि त्याच्यातलं पेडेरिन त्वचा भाजतं. कोळ्याचा यात काडीचा संबंध नाही. तरी भाच्याच्या आईने झाडू तयार ठेवलाच होता.

मग घ्यायचं काय? ट्यूब घेणार असाल तर पिनांची घ्या, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यातली विजेची जोडणी टिकवणारी. मी पहिली घेतली ती बिनपिनांची होती. ऑटोफोकस तर गेलाच, कॅमेऱ्याला लेन्सच दिसेना. अ‍ॅपर्चरच्या जागी ०० दिसायचं आणि लेन्स सताड उघडी, एफ/१.८ वर. तिथे पट्टी ०.१४ मिमी. कोळ्याच्या एका डोळ्याची चमक आली की बाकी सगळं धुकं. पिना असल्या की निदान अ‍ॅपर्चर हातात राहतं, आणि २५ मिमीच्या ट्यूबवर, विशालन अर्ध्याच्या आसपास, ऑटोफोकसही बऱ्यापैकी चालतो. फुलं, फुलपाखरं, नाणी यांना तेवढं पुरतं. लेन्स उलटी बसवायची रिव्हर्स रिंग सगळ्यात स्वस्त, पण लेन्स उलटी लावली की पिना हवेत. ऑटोफोकसचा विषयच संपला.

ऑटोफोकस हवाच असेल तर माझं मत टेलिझूमपुढे (लांबचं जवळ आणणाऱ्या झूम लेन्सपुढे) लावायच्या चांगल्या क्लोज-अप भिंगाला. आजोबांच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर +२.५ असतो, तसा रेनॉक्सच्या डीसीआर-२५० चा +८. नाभीय अंतर १२५ मिमी. हे भिंग १२५ मिमीवरचा कोळी जणू अनंतावर आहे असं लेन्सला भासवतं. लेन्सचं आतलं गणित जसंच्या तसं राहतं, प्रकाशही कमी होत नाही, त्यामुळे ऑटोफोकस फसत नाही. ५५-२५० मिमी झूमवर लावलं की २५० च्या टोकाला विशालन २, ५५ ला ०.४४. फोकसची धाव मात्र दोनेक सेंटिमीटरचीच. त्या पट्ट्यात कोळी आणणं तुमचं काम. एकाच काचेचे +१, +२, +४, +१० असे संच मिळतात ते अक्रोमॅट (रंग फाकू न देणारी जोडभिंगं) नसतात. कडेला जांभळी-हिरवी झालर येते. मुलांना द्यावेत.

वापरलेली खरी मॅक्रो लेन्स मिळाली तर उत्तमच. ती नुसता गठ्ठा सरकवत नाही. बहुतेक नव्या लेन्स आतली भिंगं हलवून स्वतःचं नाभीय अंतरच बदलतात. कॅननची १०० मिमी एल मॅक्रो ३० सेंटिमीटरवर विशालन १ देते. चौपटीच्या नियमाने ४० हवे होते, म्हणजे तिथे ती जेमतेम ७५ मिमीची उरलेली असते. निकॉनवाल्यांनी एक गोष्ट बघावी. १९८५ च्या मिनोल्टा ७००० मध्ये ऑटोफोकसची मोटर लेन्समध्ये नव्हे, कॅमेऱ्यात होती. निकॉननेही तीच वाट धरली आणि पुढे डी३००० आणि डी५००० मालिकांतून ती मोटर काढून टाकली. त्यांवर जुनी, स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी मॅक्रो लेन्स हाताने फिरवावी लागते. एएफ-एस लिहिलेली, म्हणजे लेन्समध्येच मोटर असलेली घ्या.

फोनच्या डब्यावरचं 'मॅक्रो कॅमेरा' वाचून हुरळू नका. स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो बहुधा ठरावीक फोकसचा असतो. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यातून काढून कापलेला फोटो अनेकदा बरा निघतो.

भाच्याने शेवटी रेनॉक्स आणि जुनी ५५-२५० घेतली. उरलेल्या पैशांत फ्लॅश, त्यावर वेफर्सच्या पाकिटाच्या चंदेरी बाजूचा परावर्तक. परवा बहिणीचा फोन आला. "दादा, काय सांगितलंयस रे त्याला? अर्धा तास झाला, कढीपत्त्यापुढे श्वास धरून नुसता डुलतोय."