एमएस की एनएमओ? उचकीपासून सुरू झालेला घोळ

उचकी लागली की आमच्याकडे आधी पाणी देतात, मग आठवण काढणाऱ्यांची नावं घ्यायला लावतात. माझ्या आत्याची उचकी ९ दिवस थांबली नाही. माहेरची, सासरची नावं संपली. शेवटी हयात नसलेल्यांचीही घेऊन झाली. सोबत उलट्या होत्या, म्हणून ॲसिडिटीची औषधं चालू. उचकी आपोआप गेली आणि दीड महिन्याने एका डोळ्याला दिसेनासं झालं, मग पाय लुळे पडले. एमआरआय बघून एका ठिकाणी 'एमएस' सांगून इंजेक्शनंही लिहून दिली. दुसऱ्या डॉक्टरांनी ती सुरू करू दिली नाहीत. आधी रक्त तपासायला पाठवलं.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, एनएमओ म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. दोन्हींत आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या मज्जासंस्थेवर उलटते, दोन्हींत डोळे आणि पाय जाऊ शकतात, दोन्ही झटक्याझटक्याने येतात. फ्रान्समध्ये डेव्हिक या डॉक्टरने १८९४ साली एनएमओचं वर्णन केलं, तरी पुढे शंभरेक वर्षं बरेच जण त्याला एमएसचाच एक प्रकार समजत.

सोलापूरच्या माणसाला फरक यंत्रमागावरून पटकन कळेल. सुताला खळ असते, तसं मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. एमएसमध्ये ही खळच उतरते. एनएमओमध्ये हल्ला होतो तो जॉबरवर. जॉबर म्हणजे सगळ्या मागांची निगा राखणारा कारागीर; मज्जासंस्थेत ते काम ॲस्ट्रोसाइट पेशी करतात. जॉबर गेला की सूतही बिघडतं, पण ते नंतर.

हे उलगडलं व्हँडा लेनन यांच्या कामामुळे. मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या या संशोधिका. उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांवर रुग्णांचं रक्तद्रव टाकून कोणती प्रतिपिंडं (अँटीबॉडी) कुठे चिकटतात, हे त्यांची प्रयोगशाळा पाहत असे. काही रुग्णांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या कडेने एक वेगळीच नक्षी उमटत होती. ते प्रतिपिंड एनएमओच्या रुग्णांत सापडतं, एमएसच्या नाही, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. २००५ मध्ये त्याचं लक्ष्यही कळलं: ॲक्वापोरिन-४, ॲस्ट्रोसाइटवरची पाण्याची वाट. मला यातलं कौतुक नजरेचं वाटतं. नक्षी वेगळी आहे, एवढं आधी दिसावं लागतं.

बाकीच्या खुणाही आहेत. एनएमओत मज्जारज्जूवरची सूज सहसा ३ किंवा जास्त मणक्यांइतकी लांब पसरते, एमएसमध्ये डाग आखूड असतात. पाठीतून काढलेल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल पट्टे, म्हणजे प्रतिपिंडांच्या रेषा, बहुतेक एमएसवाल्यांना दिसतात, एनएमओत क्वचित. आणि ती उचकी! मेंदूच्या तळाशी उलटीचं केंद्र असतं, तिथे ॲक्वापोरिन-४ भरपूर. तिथे हल्ला झाला की पोटात काही बिघाड नसतानाही दिवसेंदिवस उचकी-उलटी चालते.

झटका आल्यावर दोन्हींत शिरेतून स्टेरॉइड देतात. खरा धोका पुढे आहे. एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड, एनएमओ आणखी बिघडवू शकतात. आत्याला लिहून दिलेलं इंजेक्शन इंटरफेरॉनचंच होतं. तिचा ॲक्वापोरिनविरोधी प्रतिपिंडाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिला आता रिटुक्सिमॅब हे पुढचे झटके रोखण्यासाठीचं औषध चालू आहे. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून एनएमओ नाहीच, असं मात्र नसतं. म्हणून सेल-बेस्ड पद्धतीने, म्हणजे पेशींवर केलेली तपासणी मागावी, ती जास्त भरवशाची.

आणखी एक गोष्ट, आपल्या मे महिन्यासाठी. एमएसच्या रुग्णाला उन्हातून आल्यावर जुनी लक्षणं परत जाणवतात, कारण अंग तापलं की उघड्या पडलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाहीत. ओला टॉवेल अंगावर घेऊन कूलरसमोर बसल्यावर तासाभरात नीट दिसू लागलं, तर तो नवा झटका धरत नाहीत. ताप किंवा संसर्ग नसताना लक्षण २४ तास टिकलं, तर डॉक्टरांना फोन लावायचा.