‘पीटीपी किंवा पीटीपी नाही’: एका विचित्र ओळीची पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लूमशेजारी बसवायच्या छोट्या बोर्डासाठी लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, बिल्ड करत होतो. बोर्डासोबत आलेला कर्नल जुना. चाळीस मिनिटं सुरळीत गेली आणि अगदी शेवटी, सगळे तुकडे एकत्र जोडणाऱ्या लिंकिंगला, बिल्ड पडला: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू पीटीपी_क्लॉक_रजिस्टर’. नेटवर्क ड्रायव्हर कर्नलच्या आत होता आणि तो ज्या घड्याळाचं फंक्शन बोलावत होता, ते पीटीपी (नेटवर्कवरून यंत्रांची घड्याळं जुळवणारी सोय) मात्र मॉड्यूल म्हणून, म्हणजे नंतर चढवायचा सुटा तुकडा म्हणून, बाहेर.

कर्नलमध्ये काय घ्यायचं नि कोण कशावर अवलंबून, हे केकॉन्फिग नावाच्या भाषेत लिहितात. मी ड्रायव्हरच्या केकॉन्फिगमध्ये एक ओळ घातली: डिपेंड्स ऑन (अवलंबून) पीटीपी किंवा पीटीपी नाही. हाताखालचा पोरगा हसला. “सर, हे म्हणजे पाऊस पडेल किंवा पडणार नाही.”

त्याचं चुकलं नव्हतं. ही ओळ वेडी वाटते, कारण तिच्यामागे पंचवीस-तीस वर्षांची ओढाताण आहे.

मॉड्यूल लोड करतानाचं अवलंबित्व लिनक्सने लवकर निस्तरलं. डेपमॉड हे साधन प्रत्येक मॉड्यूल कोणती सिम्बॉल (फंक्शनांची वगैरे नावं) देतो नि कोणती मागतो ते पाहून मॉड्यूल्स.डेप ही यादी लिहितं आणि मॉडप्रोब त्या क्रमाने एकेक चढवतं. आधी हे काम केर्नेल्डी नावाचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, सांभाळायचा. १९९९ च्या २.२ आवृत्तीत तो गेला आणि कर्नल स्वतःच मॉडप्रोबला हाक मारू लागला. ही बाजू तेव्हापासून फारशी त्रास देत नाही.

बिल्डची बाजू वेगळी. सुरुवातीची कॉन्फिग भाषा शेल स्क्रिप्टच्या वळणाची होती, प्रश्न एकामागून एक विचारणारी. तिच्या जागी एरिक रेमंड यांनी पायथनमध्ये सीएमएल२ आणली, पण ती कर्नलमध्ये गेली नाही. रोमन झिप्पेल यांची केकॉन्फिग ऑक्टोबर २००२ मध्ये २.५.४५ मध्ये शिरली आणि आजही तीच आहे.

केकॉन्फिगमध्ये ‘नाही’ची किंमत ०, ‘मॉड्यूल’ची १, ‘आत’ची २. ‘किंवा’ म्हणजे दोघांतली मोठी किंमत, ‘नाही’ म्हणजे २ मधून वजाबाकी. आता ती ओळ मांडा. पीटीपी आत असेल तर २ आणि ०, मोठं २. पीटीपी नसेल तर ० आणि २, पुन्हा २. पण पीटीपी मॉड्यूल असेल तर १ आणि १, उत्तर १. म्हणजे ड्रायव्हरला मॉड्यूलच्या वर जाता येत नाही! पावसाच्या वाक्याला अर्थ नसतो, कारण तिथे मधली किंमतच नाही.

पोरगा पूर्व भागातला, घरी चादरीचे माग. त्याने लगेच पकडलं: “बीमवरचा ताणा आधी पक्का लागतो. कांडी मध्येच बदलता येते. ताण्याचा धागा कांडीला गाठून कसं चालेल?” मी इतकं नीट सांगू शकलो नसतो.

मग लोक ‘डिपेंड्स ऑन’ऐवजी सरळ केकॉन्फिगचंच ‘सिलेक्ट’ का वापरत नाहीत? वापरतात, आणि मला वाटतं निम्मी डोकेदुखी तिथूनच येते. सिलेक्ट समोरच्याला ओढून आणतं, पण समोरच्याच्या स्वतःच्या अटी बघत नाही. ज्याला पुढच्या अटी नाहीत आणि जो मेनूत दिसत नाही, अशालाच ते लावा, असं कर्नलचं दस्तऐवज बजावतं.

पीटीपीसाठी २०१७ च्या ४.१० मध्ये ‘इम्प्लाय’ हे मवाळ सिलेक्ट आलं: जमलं तर आण, नाही तर सोड. छोट्या यंत्रांच्या कर्नलमधून पीटीपी काढून टाकता यावं, हा हेतू. पण इम्प्लायचा अर्थ २०२० मध्ये आणखी सैल झाला, आणि ड्रायव्हर आत, पीटीपी बाहेर अशी जोडी पुन्हा शक्य झाली. यादृच्छिक कॉन्फिग लावून कर्नल सतत बिल्ड करून पाहणारे अर्न्ड बर्गमान यांनी २०२१ मध्ये ५.१५ साठी ते सगळे इम्प्लाय काढले आणि ‘पीटीपी_१५८८_क्लॉक_ऑप्शनल’ हे वेगळं नाव ठेवलं. त्यात गणित तेच, फक्त वाचायला शहाणं.

आमच्याकडे ओळ घातल्यावर कॉन्फिगच्या मेनूत ड्रायव्हरपुढे तारा (म्हणजे ‘आत’) लागेना, नुसता एम (‘मॉड्यूल’). बोर्ड मात्र नेटवर्कवरूनच बूट होतो, म्हणून मॉड्यूल चालणार नव्हतं. पोराने पीटीपीवर जाऊन तिथे तारा लावला, मग ड्रायव्हरवर, आणि पुन्हा बिल्डची ‘मेक’ ही आज्ञा देऊन चहाला गेला.