गेस्टचे पेज आणि ग्रँटचे पेज: झेनच्या डिस्क ड्रायव्हरमधली दोन वेगळी मापे

झेन या हायपरवायझरवर (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल यंत्रे चालवणारा थर) 64 केबी पेजचे कर्नल असलेला एआरएम64 गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल यंत्र, सुरू केला आणि व्हर्च्युअल डिस्क जोडताना तो कोसळला, किंवा डिस्कवर विनाकारण आय/ओ एरर येऊ लागल्या, तर संशय आधी डिस्क इमेजवर आणि फाइल सिस्टिमवर जातो. दोष बहुधा तिथे नसतो. ड्रायव्हरमध्ये कुठेतरी दोन वेगळ्या गोष्टी एकाच स्थिरांकाने मोजलेल्या असतात.

यातले पहिले माप गेस्टच्या कर्नलच्या पेजचे. पेज म्हणजे कर्नल मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो तो तुकडा. एआरएम64 प्रोसेसरवर 4, 16 आणि 64 केबी अशी तीन मापे शक्य असतात आणि कर्नल बिल्ड करतानाच त्यातले एक पक्के होते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 8 ची एआरएम64 आवृत्ती 64 केबीची होती. 9 मध्ये डिफॉल्ट 4 केबी झाले. गेस्टमध्ये ‘गेटकॉन्फ पेजसाइज’ ही कमांड 4096, 16384 किंवा 65536 असे उत्तर देते. एआरएम64 वर हायपरवायझर ही निवड गेस्टवर लादू शकत नाही, त्यामुळे एकाच यंत्रावर तीन गेस्ट तीन मापांचे असणे पूर्ण वैध आहे.

दुसरे माप ग्रँटचे. झेनच्या डिस्क ड्रायव्हरचे दोन भाग असतात: गेस्टमधला फ्रंटएंड आणि खरी डिस्क हाताळणारा बॅकएंड. गेस्टला आपली मेमरी बॅकएंडला, म्हणजे बहुधा डोम0 या व्यवस्थापक यंत्राला, वापरायला द्यायची असेल तर ती ग्रँट टेबलात नोंदवावी लागते. एका नोंदीत एकच फ्रेम, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, बसते आणि ती 4 केबीची असते. गेस्टचे पेज केवढेही असो, हा आकडा हलत नाही, कारण तो दोन बाजूंमधल्या प्रोटोकॉलचा भाग आहे. लिनक्सच्या कोडमध्ये पहिल्या मापाला पेज_साइज आणि दुसऱ्याला झेन_पेज_साइज म्हणतात. एक्स86 वर दोन्ही 4096 असल्याने चुकीचा स्थिरांक लिहिला तरी सगळे सुरळीत चालते आणि चूक वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही.

सर्वात धोकादायक गल्लत फ्रेम क्रमांकाची. 64 केबीच्या गेस्टमध्ये पेज क्रमांक 16384 म्हणजे 1 जीबीचा पत्ता. तोच क्रमांक जसाच्या तसा ग्रँटमध्ये लिहिला तर झेन तो 4 केबीच्या हिशेबाने वाचतो आणि 64 एमबीच्या पत्त्यावर पोहोचतो. बॅकएंड तिथे लिहितो आणि गेस्टची भलतीच मेमरी बिघडते. एरर येत नाही. काही वेळाने दुसरेच काहीतरी कोसळते. म्हणून गेस्टच्या पेज क्रमांकाला आधी 16 ने गुणायचे आणि मग पेजमधला कितवा 4 केबी तुकडा हवा, तो 0 ते 15 आकडा त्यात मिळवायचा.

रिंगचेही, म्हणजे दोन्ही बाजू रिक्वेस्ट आणि उत्तरे ठेवतात त्या सामायिक चक्राकार यादीचेही, तसेच. ब्लॉक प्रोटोकॉलची एक रिक्वेस्ट 64-बिट गेस्टमध्ये 112 बाइटची असते. 4096 मधून शीर्षाचे 64 बाइट वगळले तर 36 रिक्वेस्ट बसतात. दोनच्या घातापर्यंत खाली आणल्यावर 32. हाच हिशेब 65536 वर केला तर 584 बसतात, म्हणजे 512. फ्रंटएंड 512 जागांची रिंग धरून चालला आणि बॅकएंड 32 जागांची, तर पहिल्या फेरीनंतर दोघे वेगवेगळ्या जागा वाचू लागतात. रिंगसाठी गेस्टने 64 केबीचे आख्खे पेज घेतले तरी वापरायचे ते त्यातले पहिले 4 केबीच.

खरी गुंतागुंत सेगमेंटमध्ये, म्हणजे रिक्वेस्टमधल्या डेटाच्या तुकड्यांमध्ये, आहे. साध्या रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त 11 सेगमेंट मावतात आणि प्रत्येक सेगमेंट म्हणजे एक ग्रँट. म्हणजे एका रिक्वेस्टमध्ये 44 केबी. 4 केबीच्या गेस्टला हे पुरते. 16 केबीच्या गेस्टलाही पुरते, कारण त्याच्या एका पेजला चारच ग्रँट लागतात. त्यामुळे फक्त 16 केबीवर चाचणी घेऊन ड्रायव्हर तयार झाला असे समजणे चूक आहे. 64 केबीच्या एका पेजला 16 ग्रँट लागतात आणि 16 काही 11 मध्ये बसत नाहीत. त्यातच लिनक्सच्या ब्लॉक थराचा (ड्रायव्हरला डिस्कच्या मागण्या देणारा कर्नलचा भाग) दीर्घकाळचा नियम असा होता की सेगमेंटची कमाल मर्यादा एका पेजपेक्षा कमी ठेवता येत नसे. म्हणजे ड्रायव्हर ‘मला 44 केबीच द्या’ असे वर सांगूच शकत नसे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला इनडायरेक्ट डिस्क्रिप्टरचा, जो लिनक्समध्ये 3.11 पासून आहे. यात सेगमेंटची यादी रिक्वेस्टमध्ये न ठेवता वेगळ्या ग्रँट केलेल्या फ्रेममध्ये ठेवतात. एक नोंद 8 बाइटची, म्हणून एका फ्रेममध्ये 512 नोंदी. फ्रंटएंड मुळात 32 सेगमेंट मागतो, म्हणजे 128 केबी. 64 केबीच्या गेस्टसाठी ती जेमतेम दोन पेजे होतात, पण अडत नाही.

क्यूएमू या एम्युलेटरमधल्या क्यूडिस्कसारख्या बॅकएंडमध्ये ही सोय नव्हती, आणि तिथे दुसरा उपाय लागतो: एका मागणीच्या दोन रिक्वेस्ट करायच्या. पहिलीत 11 ग्रँट, दुसरीत 5. दुसरीचा आरंभीचा सेक्टर पहिलीपेक्षा 88 ने पुढे, कारण 44 केबी म्हणजे 512 बाइटचे 88 सेक्टर. (प्रोटोकॉलमधला सेक्टर नेहमी 512 बाइटचा असतो, डिस्कचा ब्लॉक 4096 चा असला तरी.) दोन्ही उत्तरे आल्याशिवाय मागणी पूर्ण झाली असे वर कळवायचे नाही. उत्तरे उलट्या क्रमानेही येऊ शकतात, आणि एकात जरी एरर असली तरी पूर्ण मागणी अपयशी धरायची. शिवाय एका मागणीला रिंगमधल्या दोन जागा लागू शकतात, म्हणून रांगेची खोली 32 वरून 16 वर आणावी लागते. ती आणली नाही तर पहिली रिक्वेस्ट रिंगमध्ये जाते आणि दुसरीला जागाच उरत नाही. लिनक्सच्या फ्रंटएंडमध्ये ही व्यवस्था 4.5 पासून आहे.

तुकडे करताना रिकामे तुकडे पाठवायचे नाहीत, हे सहज निसटते. 64 केबीच्या पेजमध्ये 20 केबीच्या ऑफसेटवर 4 केबी डेटा असेल तर सहावा तुकडाच तेवढा ग्रँट करायचा. सरसकट 16 ग्रँट केल्यास डेटा नसलेले सेगमेंट तयार होतात आणि प्रोटोकॉलला ते चालत नाहीत. सेगमेंटमधले पहिला व शेवटचा सेक्टर हे आकडेही तुकड्याच्या आतले, 0 ते 7 असेच हवेत. पेजच्या हिशेबाने 127 लिहिला तरी तो 8 बिटांत बसतो, कंपायलर तक्रार करत नाही, पण बॅकएंड रिक्वेस्ट नाकारतो. सुरुवातीला सांगितलेल्या विनाकारण आय/ओ एरर अशाही येऊ शकतात.

मेमरीचा खर्चही पाहायला हवा. पर्सिस्टंट ग्रँट (एकदा देऊन पुन्हा पुन्हा वापरली जाणारी ग्रँट) चालू असतील तर फ्रंटएंड प्रत्येक ग्रँटसाठी आपले एक पूर्ण पेज घेतो आणि त्यातले पहिले 4 केबीच वापरतो. 32 रिक्वेस्ट गुणिले 32 सेगमेंट म्हणजे 1,024 ग्रँट: 4 केबीच्या गेस्टमध्ये 4 एमबी, 64 केबीच्या गेस्टमध्ये 64 एमबी, तेही एका डिस्कच्या एका रांगेसाठी. चार रांगा असतील तर 256 एमबी. वेग वाढावा म्हणून मॅक्स_इनडायरेक्ट_सेगमेंट्स हा पॅरामीटर 256 केला आणि बॅकएंडने तो मान्य केला, तर एका रांगेलाच 512 एमबी लागतात. लहान गेस्टमध्ये असे करू नये. तिथे फीचर_पर्सिस्टंट बंद करणे अधिक शहाणपणाचे.

व्हर्टआयओ या व्हर्च्युअल उपकरणांच्या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये ही अडचण बरीच सौम्य आहे, कारण तिथे डिस्क्रिप्टरमध्ये 64-बिट पत्ता आणि लांबी लिहितात, पेज क्रमांक नाही. जुन्या पीसीआय पद्धतीत मात्र रांगेचा पत्ता 4096 च्या पटीत क्रमांक म्हणून द्यावा लागे, आणि तो काढताना गेस्टचे पेज वापरले की तीच 16 पटींची चूक होई. 1.0 पासून रांगेसाठीही पूर्ण पत्ता देतात.

तपासायचे असेल तर आधी गेस्टच्या पेजचे माप पाहावे, मग झेनस्टोअरमध्ये, म्हणजे झेनच्या सामायिक नोंदवहीत, त्या डिस्कच्या बॅकएंडखाली फीचर-मॅक्स-इनडायरेक्ट-सेगमेंट्स ही नोंद शोधावी. माप 65536 असून नोंद नसेल तर दोन रिक्वेस्टांचा मार्ग वापरात आहे, आणि गेस्टचे कर्नल 4.5 पेक्षा जुने असल्यास ती डिस्क चालणार नाही. ड्रायव्हरचा कोड वाचताना पेज_साइज, पेज_शिफ्ट आणि पेज क्रमांक काढणारी प्रत्येक ओळ शोधावी. तो आकडा रिंगमध्ये, ग्रँटमध्ये किंवा झेनस्टोअरमध्ये जाणार असेल तर तिथे झेनचे माप हवे. गेस्टच्या ब्लॉक थराकडे किंवा मेमरी वाटपाकडे जाणार असेल तर गेस्टचे.